सुरी पोचेपर्यंत

कुत्री आल्याचे नजीबला कळले ते आवाजाने नव्हे, आवाज थांबल्याने. रोज पहाटे पंप सुरू करायला तो उठे तेव्हा गोठ्यातल्या बकऱ्यांच्या गळ्यातल्या घंटा मंद वाजत असत. कोणी दूर विहिरीवर भांडी विसळत असावे तशा. त्या पहाटे वारा होता, खजुरीच्या झावळ्या एकमेकींवर घासत होत्या, समुद्राचा खारट वास अंगणापर्यंत आला होता. पण घंटा वाजत नव्हत्या. तो अनवाणीच धावला.

जाळीखालची वाळू उकरलेली होती. आत अरबाबच्या, म्हणजे मालकाच्या, दोन बकऱ्या पडल्या होत्या. एकीचे पोट फाडलेले होते. दुसरी अजून जिवंत होती आणि मागचे धड मोडलेले असताना पुढच्या दोन पायांवर उभी राहू पाहत होती. बाकीच्या साऱ्या पाण्याच्या टाकीमागे एकमेकींत घुसून थरथरत होत्या. नजीब खोलीत परतला, सुरी घेऊन आला, बकरीचे तोंड नमाजाच्या दिशेला, किब्ल्याकडे, वळवले आणि बिस्मिल्ला म्हणून तिला मोकळे केले. मग तो तिथेच वाळूत उकिडवा बसून राहिला. पायाला खारट चिखल लागला होता आणि तो हळूहळू वाळून कातडी ओढत होता.

अकीला डोक्यावरचा पदर सावरत आली. तिने मेलेल्या बकऱ्यांकडे पाहिलेही नाही.

"चांदणी?"

"हाय. टाकीमागं हाय."

"आनी तिची पोर?"

"ती पन हाय. बघ ना जाऊन. मना कशाला इचारतंस?"

तिने जाऊन पाहिले. चांदणी काळी होती, कपाळावर तेवढा पांढरा ठिपका. अरबाबची आई, जिला सगळे बीबी म्हणत, ती शेवटची दोन वर्षे याच बागेतल्या बंगल्यात अंथरुणाला खिळून होती. तिचे हगणे-मुतणे, तिचे न्हाणे, तिच्या पाठीवरची चिघळलेली जखम, सारे अकीलाने केले होते. मरण्याच्या आधीच्या रमजानमध्ये बीबीने एक करडू तिच्या ओटीत टाकले आणि म्हटले, "ही तुझी. हिची पिल्लंही तुझीच." ऐकायला खोलीत तिसरे कोणी नव्हते. आखातातल्या झल्लाकच्या त्या बागेत, जिथे पाणी अरबाबचे, खजुरी अरबाबच्या, अंगावरचा व्हिसासुद्धा अरबाबचा, तिथे ही एक बकरी आणि तिची एक पाठ, म्हणजे मादी करडू, एवढेच काय ते अकीलाचे स्वतःचे होते.

दुपारी अदलियाहून फोन आला. राजनसाहेबांनी ऑफिसात बोलावले होते.

*

राजन मूळचे दादरचे. अरबाबच्या साऱ्या धंद्यांचा हिशेब त्यांच्या हाती. ऑफिस एका बुटक्या, पांढऱ्या बंगल्यात होते. खाली कॉफीचे दुकान, वर काचेची दारे. नजीबने धुतलेला सदरा घातला होता, तरी बकऱ्यांचा वास त्याच्या आधी आत शिरला. दाराजवळच्या मुलीने सुगंधी फवाऱ्याची बाटली उचलली आणि त्याच्या डोक्यावरून, जणू तो तिथे नाहीच असे समजून, दोनदा दाबली. तो बराच वेळ बाहेर उभा होता. मग हाक आली.

"या नजीबभाई, बसा. नाही, ती नको, ती खुर्ची क्लायंटसाठी आहे. ह्या स्टुलावर बसा."

नजीब बसला.

"अरबाब फार अपसेट आहेत. राखण तुमच्याकडे आहे. दोन्ही बकऱ्या तुमच्या पगारातून वळत्या करायला सांगितलंय."

"साहेब, कुत्र्यांना मी आवतान धाडला नव्हता. जाळी सडलीय म्हणून उन्हाळ्यापासून सांगतोय. तुमानाच सांगितला."

"जाळीचं पुढच्या वर्षी बघू."

"कुत्री पुढच्या वर्षापर्यंत थांबायची नाय. ती बंद पडलेल्या हॉटेलात ऱ्हातात, पिलावळ वाढलीय. मग बंदूक तरी द्या."

राजनसाहेबांनी चष्मा काढून पुसला. माणूस वाईट नव्हता. ईदला ते अकीलाकडची बिर्याणी आवडीने नेत, आणि बागेत आले की नजीबच्या मुलखातल्या काजूंची चौकशी करत.

"घ्या की. नको कोण म्हणतंय? परवाना तुमच्या नावावर निघणार नाही, तो अरबाबच्या नावावर काढून देतो. पण विकत तुम्हीच घ्यायची. राखण तुमची ना? जसा सुताराचा रंधा, तसं हे."

"मग बंदूक कोणाची, साहेब?"

"वापरणार तुम्ही. कागदाचं काय हो, कागद आहे तो."

नजीबला उत्तर सुचले, पण ते जिन्यावरून खाली उतरताना. अशी उत्तरे त्याला नेहमी जिन्यावरच सुचत. सुताराचा रंधा सुतार घरी घेऊन जातो, हे त्याने खालच्या कॉफीच्या दुकानाच्या काचेला, मनातल्या मनात, फार स्पष्ट शब्दांत सांगितले.

*

घरी अकीला भाकऱ्या थापत होती. ऐकून घेईपर्यंत तिचा हात थांबला नाही. ऐकल्यावर भाकरी तव्यावर टाकून ती म्हणाली, "त्यांच्या बकऱ्यांसाठी बंदूक आपन घ्यायची? आनी ती पन त्यांचीच?"

"हां."

"लाज नाय वाटत बोलायला?"

"त्यांना काय लाज?"

"तुना बोलतंय मी. ऐकून गप आलास ते."

दोघांनी यंदा, तीन वर्षांनी, गावी जायचे ठरवले होते. दाभोळच्या खाडीकाठी त्याच्या बावाची कबर होती. पावसाने तिची दगडी कड ढासळल्याचे गावाहून कळले होते. रजेसाठी बाजूला ठेवलेले पैसे बिस्किटांच्या डब्यात होते. अकीलाने हात धुतले, डबा काढला आणि त्याच्यापुढे ठेवला.

"बावा आनखी एक पावसाळा थांबतील. कुत्री थांबायची नाय. उद्या चांदणीच्या नरड्याला लागली तर मी काय करू? घे. पन असली घे, की जनावर तडफडत पळनार नाय. कुत्रा झाला तरी जीव हाय त्याना."

"यवढ्या पैशात तसली मिळनं कठीन."

"मग कठीन ते बघून आन. तू शिकाऱ्याचा पोर ना?"

तो शिकाऱ्याचा मुलगा होता खरा. बावाकडे ठासणीची बंदूक होती, पीक राखण्याच्या परवान्याची. रानडुक्कर पडले की बावा त्याला हात लावत नसे. शेजारच्या कुणबीवाडीतले लोक ते वाजतगाजत नेत आणि बदल्यात भाताच्या लावणीला दोन दिवस येत. पण ससा पडला, तर बार निघताक्षणी विशीतला नजीब सुरी घेऊन धावत सुटे. काटे, करवंदीच्या जाळ्या, दगड, काही न पाहता. जीव जाण्याआधी सुरी पोचली तर हलाल, न पोचली तर ते मुर्दार. मग कितीही भूक असो, ते खड्ड्यात जाई. म्हणून बावा दारू मोजून ठाशी. "जनावर पडला पायजे, पन मरला नाय पायजे. सुरी पोचेपर्यंत जीव ऱ्हायला पायजे. बंदूक त्या हिशेबान भरायची, पोरा." कधी सुरी उशिरा पोचे. कोरडे पाते घेऊन नजीब मान खाली घालून परते आणि बावा त्याला काही म्हणत नसे, फक्त त्या दिवशी त्याच्याशी बोलत नसे.

पण कुत्र्याला सुरी नसते. इथे हिशेब उलटा होता. पहिल्याच गोळीत जीव जायला हवा होता.

*

मनामाच्या बाजारामागच्या गल्लीत तंबू, गळ, बहिरी ससाण्यांच्या चामडी टोप्या असले सामान विकणारे दुकान होते. अकीलाचा भाऊ उबेद जुफैरात सामानाची व्हॅन चालवी. त्याने सुट्टी काढून नजीबला तिथे नेले. दुकानात एक पेशावरी म्हातारा बसला होता. त्याने परवान्याचा कागद दोनदा वाचला, नजीबच्या चपलांकडे एकदा पाहिले, आणि काउंटरवर छर्ऱ्याच्या तीन बंदुका मांडल्या.

"तुम्हारे बजट में यही तीन हैं, भाई."

पहिली नवी कोरी, काळी, वर दुर्बीण लावलेली. उबेदने ती उचलून गल्लीतल्या खांबावर नेम धरला. "दुल्हेभाई, ही घे. फोटोला काय दिसंल! गावाला स्टेटस टाकू."

नजीबने ती कानाजवळ नेऊन हलवली. आत काहीतरी सैल खुळखुळत होते. त्याने ती खाली ठेवली. दुसरीची नळी सांध्यात मोडून, बंदूक उघडून, त्याने दिव्याकडे धरली आणि आत पाहिले. आतल्या वळणांवर गंजाची लव होती. मग बारीक कागदाचा कपटा जिभेने ओला करून नळीच्या सांध्यावर चिकटवला, छर्रा भरला आणि मागच्या खोलीतल्या फळीवर बार काढला. कपटा उडून गेला.

"हवा इथनं जाते. अर्धा जोर इथंच सांडला."

"तू बंदूक घेतंस का नवरी बघतंस?" उबेद म्हणाला. "माज्या बुबूला बघायला आलास तवा यवढा इचार केला नव्हतास."

"तुजी बुबू पयल्याच नजरेत कळली. तिचा जोर कुठंच सांडत नाय."

म्हातारा मराठी न समजताही हसला.

तिसरी जुनी होती. दस्त्याचे लाकूड हाताच्या घामाने काळवंडलेले, कडेला एक खोल खोच. कोणी देश सोडून जाणारा ती विकायला ठेवून गेला होता. दुर्बीण नव्हती. नजीबने तिची नळी मोडली तेव्हा स्प्रिंगने त्याच्या खांद्यापर्यंत विरोध केला, आणि त्या विरोधात त्याला एक ओळखीची, इमानी गोष्ट जाणवली. कागदाचा कपटा जागचा हलला नाही. म्हाताऱ्याने फळीपुढे कपडे धुण्याच्या साबणाच्या वड्या ओळीने उभ्या केल्या. तुलनेला मारलेला नव्या बंदुकीचा छर्रा पहिल्याच वडीत अडकला. जुनीचा साऱ्या वड्यांतून पार होऊन मागच्या लाकडात रुतला.

"ये जान लेती है," म्हातारा म्हणाला. "खेलने की चीज़ नहीं."

बिस्किटाचा डबा रिकामा झाला. बंदूक पोत्यात गुंडाळून ते व्हॅनमध्ये बसले. वाटेत उबेद म्हणाला, "पैसे तुजे, पसंती तुजी, पाठीवर वागवायची तू, आनी मालकी त्यांची. म्हंजे बघ, ही खरोखरच नवरीसारखी नाय. ही कफालतीतल्या, मालकाच्या नावावरच्या मानसासारखी हाय. आपल्यासारखी."

नजीबला हसू आले नाही. उबेदलाही नंतर आले नाही.

*

चार पहाटा तो टाकीवर बसून राहिला. पाचव्या पहाटे कुत्री आली. पुढे एक पिवळट, रुंद छातीचा कुत्रा होता. त्याने जाळीशी येऊन मान उंचावली आणि नजीबकडेच पाहिले. त्या नजरेत वैर नव्हते, भूक होती. नजीबने श्वास अर्धा सोडला आणि बार काढला. कुत्रा जागच्या जागी, मांडी घालून बसावे तसा खाली बसला आणि कलंडला. बाकीची पांगली. पुढे कितीतरी आठवडे ती फिरकली नाहीत.

त्याने त्या कुत्र्याला कुंपणाबाहेर पुरले. अकीलाने विचारले, "तडफडला?"

"नाय."

"मग बरी आनलीस."

आठवड्यात बंदुकीची कीर्ती बागेबाहेर गेली. ती नेली उबेदच्या तोंडाने, की राजनसाहेबांच्या, कोण जाणे.

*

थंडी पडली. रात्री वाळू गार होऊ लागली, आणि लोक तंबू घेऊन वाळवंटात राहायला जाऊ लागले. अरबाबचा धाकटा मुलगा बदर, ज्यालाही तोंडावर अरबाबच म्हणायचे, मात्र पाहुण्यांना बागेतच आणी. त्या शुक्रवारी त्याचे पाच-सहा मित्र होते, आणि त्यांच्यात एक वयस्क गृहस्थ, पांढऱ्या दाढीचे, हातात माळ. बदरचे त्यांच्या मुलीशी ठरत होते. गालिचे खजुरींच्या सावलीत पसरले गेले. अकीलाने सकाळपासून तांदूळ भिजवले होते, कांदा तळला होता. मांसासाठी अरबाबची एक बकरी जुम्म्यानंतर कापायची, असे नजीबला सांगितले होते.

नमाजहून परतल्यावर तो मागच्या वाफ्यात फुटलेली नळी जोडत होता. हात कोपरापर्यंत चिखलात. बदर त्याच्या खोलीत शिरला आणि बंदूक घेऊन बाहेर आला.

"नजीब! ये अच्छा बंदूक. कौन सेलेक्ट किया?"

"मैं, अरबाब."

"शाबाश! ये मेरा. यल्ला."

तो कागदाप्रमाणे खरेच बोलत होता. नजीबला जी चीड आली ती त्यामुळेच कुठे ठेवावी हे त्याला कळेना. पलीकडे डबे मांडले गेले, बार निघू लागले. एकाने छर्रा न भरताच दोनदा-तीनदा घोडा ओढला. रिकाम्या बाराचा तो कोरडा, खडखडीत आवाज नजीबच्या दाढेत शिरला. अशाने स्प्रिंग मरते. "अरबाब, खाली नहीं मारना," तो ओरडला. कोणी वळून पाहिले नाही. डब्यांचा कंटाळा आला. मग बोलण्यात अरबीतला "बकरी" हा शब्द आला, मग पैजेचे हसू, मग एकाएकी शांतता.

बार निघाला. या वेळी तो रिकामा नव्हता. पाठोपाठ हाक आली.

"नजीब! सिक्कीन! सिक्कीन, यल्ला!"

सुरी. पाय मनाआधी धावले. पायांना वीस वर्षांचे वय आठवले, करवंदीच्या जाळ्या आठवल्या. कमरेची सुरी उपसत, चिखलाने बरबटलेला, तो नळ्यांवरून, वाफ्यांवरून धावत गेला. अर्ध्या वाटेत त्याला बांधावर पडलेली बकरी दिसली. काळी. आणखी थोडे पुढे गेल्यावर कपाळावरचा ठिपका दिसला. कळपापासून वेगळी, उंचावर एकटी उभी राहण्याची तिला खोड होती. त्या पांढऱ्या ठिपक्यावर नेम धरणे किती सोपे होते.

तो गुडघ्यांवर कोसळला. नरड्याखाली तळवा ठेवला. बोटाचे टोक डोळ्याच्या बुबुळाला लावले. पापणी मिटली नाही. त्याने पुन्हा लावले. बुबुळावर त्याच्या बोटाचा चिखल तसाच राहिला.

साऱ्या वड्यांतून पार होऊन लाकडात रुतणारी बंदूक त्याने स्वतः निवडली होती. कुठेही जोर न सांडणारी. सुरीला वेळच न देणारी.

बदर धापा टाकत आला. "काट, काट!"

"अरबाब, ये मर गया."

"अभी मरा. काट."

"गोली से ही मर गया. और ये आपका नहीं है. ये मेरी औरत का है. बीबी ने दिया था."

बदरने मागे पाहिले. गालिच्यावरून सारे इकडेच पाहत होते. तो खाली वाकला आणि आवाज उतरवून, जवळजवळ आर्जवाने म्हणाला, "देखो नजीब. दूसरा बकरी देगा. दो देगा. तुम सिर्फ काट. कोई नहीं देखता. मफी मुश्किल, कोई प्रॉब्लम नहीं."

दोन. अकीलाचा गोठा एकाएकी दुप्पट होत होता. नुसते मनगट हलवायचे होते. रक्त अजून ऊन होते, वाहिलेही असते. नजीबने सुरीकडे पाहिले. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे. अकीला हातातली पळी तशीच धरून उभी होती. तिने मान हलवली नाही, होयची नाही आणि नकोचीही नाही. ती चांदणीकडे पाहत होती, बस.

पांढऱ्या दाढीचे गृहस्थ गालिच्यावरून उठले होते. त्यांनी माळ मुठीत घेतली आणि सगळ्यांना ऐकू येईल अशा आवाजात विचारले, "हलाल?"

बदरने मान वर केली. तो "होय" म्हणणार होता. उत्तरे जिन्यावर सुचणारा नजीब त्याच्या आधी बोलला.

"ला," तो म्हणाला. "मैता."

नाही. मेलेले. या शब्दाचा अर्थ तिथे कोणाला विचारावा लागला नाही. वाऱ्याने गालिच्याचे टोक उचलले आणि पुन्हा टाकले. गृहस्थांनी अस्तगफिरुल्ला म्हणून देवाची क्षमा मागितली, बदरकडे क्षणभर पाहिले, चपला शोधल्या आणि आपल्या गाडीकडे चालू लागले. बदर त्यांच्यामागे धावला, काही बोलत राहिला, गाडी निघून गेल्यावरही धुळीत तसाच उभा राहिला. मग परत येऊन त्याने बंदूक वाळूत फेकली आणि नजीबला म्हटले, "तुम खलास."

नजीब उठला. सदऱ्याला पुसायला त्याने सुरी उचलली. पाते कोरडे होते.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी राजनसाहेब स्वतः आले. गाडीतून उतरताना त्यांनी पँटच्या काठांची काळजी घेतली. नजीबने तोवर कुंपणाजवळ चांदणीला पुरले होते. जमीन खाली चुन्यासारखी कठीण लागली होती, पहार उसळत होती, खड्डा हवा तेवढा खोल गेला नव्हता. त्याच्या तळहातांना फोड आले होते.

"नजीबभाई, केवढा घोटाळा करून ठेवलात! सोयरीक अडकली त्या पोराची. अहो, सुरी फिरवायला तुमचं काय जात होतं?"

"माजा काय जाणार? जायचं ते त्यांच्या पोटात गेलं असतं."

"टोमणे नकोत. मी तुमच्यासाठी अरबाबशी दोन तास भांडलोय. एक मार्ग आहे. त्या गृहस्थांकडे जाऊन सांगा, घाईत बघितलं, नीट कळलं नाही, बहुतेक धुगधुगी होती. बस, एवढंच. नोकरी राहील, खोली राहील."

"आनी नाय सांगितलं तर?"

राजनसाहेबांनी नजर चुकवली. "तर तुम्हाला सित्राच्या गोदामात पाठवायचं म्हणतात. कामगारांच्या कँपमध्ये. वहिनींचा व्हिसा बीबींच्या नावाचा होता, तो नाहीतरी संपतोच आहे. त्यांना घरी पाठवतील."

अकीला आतून बाहेर आली. तिच्या हातात चांदणीच्या गळ्यातली दोरी होती, घंटेसकट.

"राजनसाहेब, गेला जीव यांच्या बोलण्यान परत येतो काय? येत असंल तर सांगा. मीच लावते यांना बोलायला."

"वहिनी, तुम्ही तरी..."

"आनी आमची बकरी? तिचा कोन बोलनार?"

"बकरीचं... त्याला काही आधार नाही हो. बीबींनी दिली असेल, मी नाही म्हणत नाही. पण लिहिलेलं काही नाही."

नजीब इतका वेळ पहारीवर हात ठेवून उभा होता. त्याचा आवाज चढला नाही. उलट कबरीजवळ बोलावे तसा खाली आला.

"बंदूक आमच्या पैशाची, ती कागदावर तुमची, म्हनून तुमची. बकरी आमची, ती बीबीच्या तोंडावर आमची, म्हनून कोनाचीच नाय. कुत्र्यांनी मारल्या त्या बकऱ्या माज्या पगारातनं. बदरनी मारली ती माज्या पदरातनं. साहेब, तुमी यवढे शिकलेले. ह्यात एक तरी हिशेब असा दाखवा, जो आमच्या बाजून लागतो."

राजनसाहेबांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला. "मी काय करू हो, नजीबभाई? मीही नोकरच आहे."

"तुमाना क्लायंटची खुर्ची तरी हाय," अकीला म्हणाली. तिने दोरी त्यांच्या हातात ठेवली. घंटा एकदा वाजली. "ही न्या. कुठं लिवायची तिथं लिवा."

बंदूक त्यांनीच मागितली, कारण ती न्यायलाच त्यांना पाठवले होते. नजीबने ती पुसून ठेवली होती. खोचेतली वाळूसुद्धा काडीने काढली होती. नळी मोडून, रिकामी असल्याचे दाखवून त्याने ती त्यांच्या हातात दिली. राजनसाहेबांना ती पेलवेना. त्यांनी ती मागच्या सीटवर, उशीवर मूल निजवावे तशी ठेवली, दोरी कुठे ठेवावी हे न कळून ती खिशात कोंबली. गाडी वळताना घंटा पुन्हा वाजली, खिशातून, गुदमरल्यासारखी.

*

संध्याकाळी अकीला सामान बांधत होती. चांदणीची पाठ दाराशी बांधलेली होती आणि आईला हाका मारत होती. उबेद रात्रीपर्यंत व्हॅन घेऊन येणार होता. जुफैरातल्या त्याच्या आठव्या मजल्यावर बकरी कुठे ठेवायची, या प्रश्नावर तो फोनवर हसला होता आणि मग म्हणाला होता, "आन, बुबू. लिफ्टला पास लागत नाय."

उन्हे उतरली तशी खाऱ्या जमिनीवरून कुत्री आली. आता पुढे दुसरेच होते, काळे, एक कान फाटलेले. ती गोठ्याकडे गेली नाहीत. बंदुकीचा वास गेल्याचे त्यांना कळले असावे, किंवा उथळ खड्ड्याचा वास अधिक जवळचा असावा. ती थेट कुंपणाजवळच्या ताज्या मातीकडे आली आणि काळ्याने पंजा घातला.

नजीब पहार घेऊन धावला. कुत्री मागे सरली, पण गेली नाहीत. थोड्या अंतरावर अर्धवर्तुळ करून बसली. त्यांना घाई नव्हती.

त्याने विस्कटलेली माती पायाने सारखी केली, दोन-चार दगड आणून वर ठेवले, आणि मग त्या ढिगाऱ्याशेजारी पहार मांडीवर घेऊन बसला.

अकीला दारातून म्हणाली, "उबेद येईल आता. सोड. ती मरलेली हाय."

"हां."

"बाग पन आपली नाय आता. राखन पन आपली नाय."

"ठाऊक हाय मना."

ती आत गेली, स्टोव्हजवळचे लोखंडी उलथणे घेऊन बाहेर आली आणि ढिगाऱ्याच्या दुसऱ्या बाजूला, त्याच्याकडे पाठ करून, मोकळ्या रानाकडे तोंड करून बसली. कुत्र्यांनी तिच्याकडे पाहिले. तिनेही पाहिले. पश्चिमेला समुद्रकाठच्या हॉटेलांचे दिवे एकेक करून लागत होते.